दम्यात रिसेप्टर बिघडतात का? आणि निळा पंप कमी का पडू लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती पस्तिशीतली, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टला, दमा लहानपणापासून. त्यांच्या वाचनात आलं की दमेकऱ्यांच्या स्वायत्त मज्जासंस्थेचे (शरीराची आपोआप चालणारी कामं बघणाऱ्या नसांचे) रिसेप्टर, म्हणजे पेशींवरची रसायनांचे संदेश टिपणारी प्रथिनं, वेगळे असतात. श्वासनलिका आवळणारे जास्त संवेदनशील आणि सैल करणारे मंद. मग दमा हा मुळात नसांचा आजार आहे का, आणि त्याची काही तपासणी असते का? दुसरं, निळा पंप, म्हणजे श्वास लगेच मोकळा करणारा इनहेलर, पूर्वी घरून घेतला की दुपारपर्यंत चिंता नसायची, आता दादर येईपर्यंत छाती पुन्हा आवळते. रिसेप्टर मेले का? तिसरं, योगवर्गात सांगतात ‘पॅरासिम्पथेटिक वाढवा’, आणि छातीच्या डॉक्टरांनी दिलेलं एक औषध नेमकं तेच रोखतं. ऐकायचं कुणाचं?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याला थांबून चालणार नाही. पंप लवकर उतरायला लागला, तर बहुतेक वेळा आतली सूज वाढलेली असते. रिसेप्टर मरत नाहीत. सततच्या माऱ्याने ते मंदावतात, आणि योग्य उपचार मिळाले की पूर्ववत होतात. पण निळ्या पंपाचे पफ वाढवत नेणं हा तो उपचार नाही. तेव्हा बाकीचं सावकाश वाचा, पण छातीच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. आणि बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत असेल, किंवा पंपाने तासभरही आराम पडत नसेल, तर वेळ वगैरे न घेता सरळ जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

आता नसांकडे येऊ. श्वासनलिकांकडे येणारी मुख्य नस म्हणजे व्हेगस, परानुकंपी म्हणजे पॅरासिम्पथेटिक बाजूची. तिच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. नलिकेभोवतीच्या स्नायूवर एम-३ नावाचे रिसेप्टर असतात; ॲसिटिलकोलिन त्यांना लागलं की स्नायू आवळतो आणि ग्रंथींतून चिकट कफ सुटतो. निरोगी माणसातही व्हेगस थोडीशी चालू असतेच, म्हणून आपल्या नलिका कायम किंचित आवळलेल्या असतात. त्यात काही वावगं नाही.

शाळेच्या पुस्तकात अनुकंपी (सिम्पथेटिक) आणि परानुकंपी असे दोन रकाने समोरासमोर छापलेले असतात आणि वाटतं, एक नस आवळते, दुसरी सैल करते. श्वासनलिकेच्या बाबतीत हे चित्र फसवं आहे. माणसाच्या श्वासनलिकेच्या स्नायूपर्यंत अनुकंपी नसा जवळजवळ पोचतच नाहीत. तरी त्या स्नायूवर बीटा-२ रिसेप्टर मात्र खच्चून भरलेले असतात. त्यांच्यापर्यंत संदेश येतो तो रक्तातून, मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी जे ॲड्रिनलिन सोडतात त्याच्यामार्फत. नसांमार्फत स्नायू सैल करणारी जी काही व्यवस्था माणसात आहे, ती नायट्रिक ऑक्साइड आणि व्हीआयपी नावाच्या पेप्टाइडवर चालते. निळ्या पंपातलं सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल, म्हणजे आपल्याकडचे अस्थॅलिन किंवा लेव्होलिन, याच बीटा-२ रिसेप्टरला लागतं. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचं संदेश पोचवणारं रसायन वाढतं आणि पाचेक मिनिटांत स्नायू सैल होतो. परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. सहा तासांचं औषध तुमच्या बाबतीत डोंबिवली ते दादर एवढंच पुरतंय, हे मला खटकतं ते यासाठी.

तुम्ही जे वाचलंत ते कुणाच्या मनातून आलेलं नाही. या कल्पनेला शंभरहून जास्त वर्षं झाली. १९१० मध्ये व्हिएन्नात एपिंगर आणि हेस यांनी ‘व्हेगोटोनिया’ ही कल्पना मांडली. काही माणसांत व्हेगसचा जोर जन्मतःच जास्त असतो आणि दमा त्यांतलाच एक आजार, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९६८ मध्ये आंदोर सेंटिव्हान्यी यांनी उलट बाजूने मांडणी केली: दम्याचं मूळ बीटा रिसेप्टरच्या कमजोरीत आहे. कल्पना देखणी होती, कारण तिच्यात दमा, ॲलर्जी, इसब सगळं एका दोरीत ओवता येत होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये मायकेल कॅलिनर आणि सहकाऱ्यांनी ॲलर्जी आणि दमा असलेल्यांच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या किती लहानमोठ्या होतात ते मोजलं, रक्तदाबावरचे परिणाम पाहिले. अल्फा (ॲड्रिनलिनच्याच दुसऱ्या जातीच्या रिसेप्टरचा) आणि कोलिनर्जिक (ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरचा) प्रतिसाद जास्त, बीटा प्रतिसाद कमी, असं त्यांना दिसलं. फरक फुप्फुसापुरता नसून बाहुलीपर्यंत दिसतो, ही गोष्ट त्या काळी फार गाजली.

पण मूळ दोष रिसेप्टरमध्ये आहे हे सिद्ध झालं नाही. एक साधा आक्षेप बघा. बीटा रिसेप्टर कमजोर असणं हेच दम्याचं कारण असतं, तर निरोगी माणसाला बीटा रिसेप्टर बंद करणारी गोळी दिल्यावर त्याला दमा व्हायला हवा. तसं होत नाही. तीच गोळी दमेकऱ्याला दिली तर मात्र जोराचा झटका येऊ शकतो. म्हणजे बीटा बाजू दमेकऱ्याला वाचवत असते, पण दमा तिच्यामुळे झालेला नसतो. शिवाय बीटा प्रतिसाद मंद दिसलेले बरेच रुग्ण आधीपासून बीटा उत्तेजक औषधं, म्हणजे निळ्या पंपासारखी बीटा रिसेप्टरला चालना देणारी, घेत होते. त्या औषधांनीच रिसेप्टर मंदावतात हे नंतर नीट उलगडलं.

आवळणाऱ्या बाजूचंही असंच. शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसातली श्वासनलिकेची चकती ताटलीत ठेवून तिच्यावर ॲसिटिलकोलिन टाकलं, तर दमेकऱ्याचा स्नायू दरवेळी जास्त संवेदनशील निघतोच असं नाही. जिवंत माणसात मात्र फरक ठळक असतो. म्हणून माझ्या मते ‘रिसेप्टर जास्त संवेदनशील’ हे वाक्य सोयीचं असलं तरी अर्धवट आहे. जास्त चिडकी असते ती अख्खी नलिका, आणि तिच्या चिडण्याची कारणं अनेक असतात. भिंत सुजून जाड झालेली असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध सोळापट वाढतो, त्यामुळे जाड भिंतीच्या नळीत स्नायू एरवीइतकाच आवळला तरी माणसाचा जीव घाबरा होतो. आतलं अस्तर जागोजागी सोललेलं असतं, आणि त्याखालच्या जाणिवेच्या नसा उघड्या पडलेल्या असतात. शेजारच्या घरात मिरचीची फोडणी पडली की सगळ्यांनाच ठसका लागतो. तिखटातलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ नावाच्या रिसेप्टरला लागतं म्हणून. याच रिसेप्टरच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पण सुजलेल्या श्वासनलिकेत अशी जाणीव मेंदूपर्यंत जाऊन व्हेगसवाटे परत येते आणि ठसक्याच्या पाठोपाठ छाती आवळते. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, पहाटेची गार हवा, परफ्यूम, सगळ्यांचा रस्ता बराचसा हाच.

मला स्वतःला या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाचा वाटतो तो एम-२ रिसेप्टर, आणि त्याच्याबद्दल रुग्णांना कुणी फारसं सांगत नाही. एम-३ स्नायूवर असतो. एम-२ व्हेगसच्या टोकावर, म्हणजे जिथून ॲसिटिलकोलिन सुटतं तिथेच बसलेला असतो. सुटलेलं ॲसिटिलकोलिन त्याला लागलं की तो नसेला सांगतो, पुरे, आता आवर. हा व्हेगसचा ब्रेक आहे. दम्यात हाच ब्रेक निकामी होतो. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, ज्या ॲलर्जीच्या दम्यात वाढतात, त्या नसांच्या अवतीभोवती गोळा होतात आणि त्यांच्यातून मेजर बेसिक प्रोटीन नावाचं प्रथिन बाहेर पडतं. ते जाऊन एम-२ ला चिकटतं आणि त्याला अडवतं. ब्रेक गेला की व्हेगसच्या प्रत्येक संदेशाला नेहमीपेक्षा जास्त ॲसिटिलकोलिन सुटतं. स्नायूवरचा एम-३ जसाच्या तसा असूनही नलिका जास्त आवळते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रिसेप्टर जास्त संवेदनशील झाला!

हे काम मुख्यतः गिनीपिगवर झालेलं आहे हे सांगायला हवं. पण माणसातही पुरावा आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात एम-२ ला चालना देणारं पिलोकार्पिन हुंगवून मग सल्फर डायऑक्साइडने नलिका आवळवण्याचा प्रयत्न केला. दमा नसलेल्यांमध्ये पिलोकार्पिनने संरक्षण दिलं, दमेकऱ्यांमध्ये दिलं नाही. विषाणूंच्या संसर्गातही एम-२ चं काम बिघडतं, ओझोननेही बिघडतं. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर सर्दीची साथ येते, लोक म्हणतात ‘सर्दी छातीत उतरली’. उतरलेली सर्दी पाच दिवसांत जाते आणि खोकल्याची उबळ महिनाभर राहते, त्यामागे हा बंद पडलेला ब्रेक काही अंशी असावा. आणि ओझोन म्हणजे वाहनांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून तयार होणारा वायू. मुंबईत दोन्हींची वाण नाही.

म्हणजे रिसेप्टर बिघडतो, हे खरं. पण त्याला बिघडवणारी सूज आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: दमा हा नसांचा आजार म्हणून सुरू होत नाही, सुजेने नसा बिघडवल्यावर मात्र त्या त्याला चांगलाच हातभार लावतात.

तपासणीबद्दल. रिसेप्टर मोजणारी अशी तपासणी दवाखान्यात नाही, आणि तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. सर्वात जवळची म्हणावी ती मेथाकोलिन चॅलेंज टेस्ट. मुंबईत ती मोठ्या रुग्णालयांच्या फुप्फुस-तपासणी विभागांत होते, गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही आणि होऊही नये. आधी स्पायरोमेट्रीच्या यंत्रात जोरात फुंकायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते, म्हणजे एफईव्ही-१, मोजतात. मग मेथाकोलिनची अगदी पातळ वाफ हुंगायला देतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. तंत्रज्ञ शेजारी उभं राहून ‘फुंका, फुंका, फुंका, अजून’ म्हणत असतो. दर खेपेला मात्रा वाढवतात आणि एफईव्ही-१ मूळच्यापेक्षा २० टक्क्यांनी खाली आला की थांबवतात. मिलिलिटरला १६ मिलिग्रॅमपर्यंत जाऊनही तो तेवढा पडला नाही, तर नलिका चिडकी नाही असं समजतात. दमेकऱ्याचा तो बहुधा ४ च्या आतच पडतो, तीव्र असेल तर १ च्याही आत. रुग्णाला खोकला येतो, छाती जड होते, लगेच पंप देतात आणि पुन्हा मोजून सगळं पूर्ववत झाल्यावरच घरी सोडतात. ज्यांचा एफईव्ही-१ आधीच फार कमी आहे त्यांना ही तपासणी करत नाहीत.

मेथाकोलिन हे ॲसिटिलकोलिनचं भावंड आहे आणि सरळ एम-३ ला लागतं. तरी येणारा आकडा एकट्या रिसेप्टरचा नसतो, भिंतीची जाडी आणि सूज त्यात मिसळलेली असते. स्टिरॉइडचा पंप काही आठवडे नियमित घेतला की हाच आकडा सुधारतो. तुमचं निदान लहानपणीच झालेलं आहे, त्यामुळे तुम्हाला याची गरज दिसत नाही. साधी स्पायरोमेट्री पंपाआधी आणि पंपानंतर, रक्तातले इओसिनोफिल, आणि जमल्यास श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजणारी फेनो तपासणी, यातून तुमच्या डॉक्टरांना जास्त उपयोगाचं काही मिळेल.

रात्रीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण पहाटे तीन-चारला उठवणारा दमा हा ताबा सुटल्याची खूण आहे. झोपेत व्हेगसचा जोर वाढतो. रक्तातलं ॲड्रिनलिन पहाटे चारच्या आसपास सर्वात खाली जातं. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला गेलेलं असतं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी दमेकऱ्याच्या विरुद्ध जातात. निरोगी माणसाच्या नलिकाही पहाटे किंचित अरुंद होतात, त्याला कळतसुद्धा नाही.

आता निळा पंप. बीटा-२ रिसेप्टरला सतत औषध लागत राहिलं की पेशी स्वतःचा बचाव करते. आधी काही एन्झाइमं रिसेप्टरवर फॉस्फेट चिकटवतात, मग बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन त्याचा आतल्या यंत्रणेशी संबंध तोडतं, मग रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढला जातो. मारा चालूच राहिला तर नवे रिसेप्टर बनणंही कमी होतं. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच जातीच्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी, आणि त्यांचं अभ्यासाचं मुख्य पात्र होतं हाच बीटा-२.

यातली मेख अशी की सगळे परिणाम सारखे मंदावत नाहीत. पंप सुरू केल्यावर पहिले काही दिवस हात थरथरतात, धडधड होते. नियमित घेणाऱ्यांत ते लवकर ओसरतं. आवळलेली नलिका सैल करण्याची ताकद बऱ्यापैकी टिकते. सर्वात जास्त घसरते ती संरक्षण देण्याची ताकद, म्हणजे पंप घेतल्यावर धूळ, धूर, धावपळ, ॲलर्जी यांनी नलिका पुन्हा आवळू नये ही. तुम्ही वर्णन केलंत ते नेमकं हे आहे. घरी पंप घेतला की बरं वाटतं, आणि प्लॅटफॉर्मवर धावून गाडी पकडली, डब्यात कुणाच्या तरी अत्तराचा वास आला, दारातून रुळांकडेच्या बांधकामाची धूळ आली, की पुन्हा आवळते. औषध काम करतंय असं वाटत राहतं म्हणून माणूस पफ वाढवतो, आणि संरक्षण आणखी घसरतं. त्यात दुसऱ्या बाजूने एम-२ चा ब्रेक गेल्यामुळे ॲसिटिलकोलिनचा जोर वाढलेला असतो. जितका जोर जास्त, तितकं तेवढ्याच पफमध्ये कमी सैल होतं.

हे कागदावरचं शास्त्र नाही. १९६० च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये आयसोप्रिनलिन या जुन्या बीटा उत्तेजकाचा पाचपट जोराचा पंप बाजारात आला आणि तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू एकदम वाढले. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर पुन्हा तसंच झालं, तेव्हा संशय फेनोटेरॉल या दुसऱ्या बीटा उत्तेजकावर गेला. त्या औषधांचा हृदयावरचा परिणाम किती आणि ‘पंप आहे ना’ म्हणून रुग्णालयात उशिरा पोचणं किती, यावर वाद झाले. काहीही असो, नुसत्या बीटा उत्तेजकावर दमा काढायचा नाही, हा धडा त्यातून मिळाला. तो नियमांत उतरायला मात्र २०१९ उजाडलं. त्या वर्षी ‘गिना’ने, म्हणजे दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या संस्थेने, मोठ्या मुलांना आणि प्रौढांना नुसता निळा पंप देऊ नये असं सांगितलं. आजही दादर-परळच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात निळा पंप चिठ्ठीशिवाय हातात पडतो, हे दुर्दैव.

एका डब्यात २०० पफ असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर झटक्यांचा धोका वाढतो, बारा किंवा जास्त संपत असतील तर मृत्यूचा. तुमचे किती संपतात ते औषधाच्या बिलांवरून मोजा. आणि डब्यावर आकडा दाखवणारा काउंटर नसेल, तर औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो, हेही लक्षात असू द्या. रिसेप्टर मेले म्हणून आलेल्या कितीजणांचा डबाच रिकामा निघतो!

रिसेप्टर मंदावण्यावर उपाय आहे स्टिरॉइडचा पंप. लोक त्याला सूज उतरवणारं औषध म्हणून ओळखतात, ते बरोबरच आहे. इओसिनोफिल कमी झाले की एम-२ मोकळा होण्याचा मार्गही तोच. पण स्टिरॉइड आणखी एक काम करतं: पेशीला नवे बीटा-२ रिसेप्टर बनवायला लावतं, आणि हे काही तासांत सुरू होतं. झटक्यात आलेल्या रुग्णाला आम्ही स्टिरॉइड लवकर देतो त्यामागे हेही एक कारण आहे. मंदावलेपण शंभर टक्के टळतं असं नाही, पण फरक मोठा पडतो. म्हणून आता बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप रोज आणि त्रास होईल तेव्हाही तोच, अशी पद्धत आम्ही पसंत करतो. फॉर्मोटेरॉलही बीटा उत्तेजकच आहे, पण काही मिनिटांत लागू पडतं, बारा तास टिकतं, आणि त्रास वाढून पफ वाढले की स्टिरॉइडही आपोआप वाढतं. तुम्हाला कितीचा, दिवसातून किती वेळा, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे पंपाची सवय लागते म्हणून गोळ्यांची पुडी मागणारे अजून आहेत. पुडीतल्या त्या गोळ्यांत बहुधा थिओफायलिन, सालब्युटामॉल आणि तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड असतं, म्हणजे बरीचशी तीच औषधं कितीतरी जास्त मात्रेत, अख्ख्या शरीराला. याला मी कधीच संमती देणार नाही.

जनुकांमुळे बीटा-२ रिसेप्टरचे प्रकार पडतात हेही तुम्ही वाचलं असेल. प्रथिनाच्या साखळीत सोळाव्या जागी कुणाकडे आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, कुणाकडे ग्लायसिन, आणि आर्जिनिनवाल्यांना नियमित सालब्युटामॉल कमी मानवतं असं काही अभ्यासांत दिसलं. सोबत स्टिरॉइडचा पंप असेल तर व्यवहारात हा फरक उरत नाही. त्या तपासणीवर पैसे घालू नका.

आता पॅरासिम्पथेटिक रोखणारं औषध. तुम्हाला दिलंय ते बहुधा टायोट्रोपियम. त्याचा पूर्वज आपल्या रानातलाच: धोत्रा. त्याची पानं जाळून धूर ओढण्याचा इलाज इथे जुना होता, आणि १८०२ मध्ये मद्रासहून एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो इंग्लंडला नेला. पुढे तिथे दम्याच्या सिगारेटी विकल्या जात. धोत्र्यातलं ॲट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टर, म्हणजे एम-२, एम-३ वगैरे, सरसकट रोखतं, विषारी आहे, भ्रम होतो. घरी करून बघू नका. झटक्यात नेब्युलायझरमधून सालब्युटामॉलसोबत देतात ते इप्राट्रोपियम सुरक्षित आहे, पण एम-३ बरोबर एम-२ चा ब्रेकही रोखतं. टायोट्रोपियम दोन्हींना चिकटतं, पण एम-२ वरून लवकर सुटतं आणि एम-३ वर तासन्‌तास बसून राहतं, त्यामुळे दिवसातून एकदाच पुरतं. दम्यात ते स्टिरॉइडच्या पंपाच्या जोडीला असतं, त्याच्या जागी कधीच नाही.

मग योगवर्गाचं काय? व्हेगस ही एकच कळ नाही. हृदयाकडे, आतड्यांकडे, श्वासनलिकांकडे जाणारे तिचे तंतू वेगळे आहेत आणि मेंदू त्यांना वेगवेगळं चालवतो. संथ श्वसनाने नाडी उतरते, मन निवतं, त्याने तुमच्या नलिका आवळत बसत नाहीत. श्वसनाच्या व्यायामांनी दमेकऱ्यांचा त्रास कमी वाटतो, घाबरेपणा कमी होतो, हे अभ्यासांत दिसलंय. फुप्फुसाची क्षमता किंवा सूज मात्र त्यांनी फारशी बदलत नाही. तेव्हा अनुलोम-विलोम, संथ दीर्घ श्वास, ओंकार खुशाल करा. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र ताबा येईपर्यंत नको. जोरजोरात श्वासाने नलिका गार आणि कोरड्या पडतात आणि पळण्याने येतो तसा झटका येऊ शकतो. आणखी एक गंमत आहे. निरोगी माणसाने खोल श्वास घेतला की त्याच्या नलिका ताणल्या जाऊन रुंद होतात. दमेकऱ्यात हा फायदा कमी होतो किंवा उलटाच परिणाम होतो. म्हणून धाप लागलेली असताना शेजारचे ‘खोल श्वास घे’ म्हणतात ते ऐकू नका. सरळ बसा, पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण या विषयात तीच जास्त लोकांना नडते. बीटा रिसेप्टर रोखणारी औषधं. प्रोप्रानोलॉल अर्धशिशीसाठी, थायरॉइडसाठी, हाताच्या थरथरीसाठी, मुलाखतीच्या धडधडीसाठी सर्रास दिलं जातं. पंपाने हात थरथरतात म्हणून दमेकऱ्याला ते लिहून दिलेलंही मी पाहिलंय. त्यावर झटका आला तर निळ्या पंपाला जागाच नसते, रिसेप्टर आधीच अडवलेले असतात; अशा वेळी इप्राट्रोपियम कामाला येतं, कारण ते दुसऱ्या वाटेने जातं.

डोळ्यांच्या थेंबांचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. गिरगावातले एक निवृत्त गृहस्थ रात्रीच्या खोकल्यासाठी माझ्याकडे आले. तरुणपणी थोडा दमा होता, मध्ये वीसेक वर्षं काही नाही. औषधं कोणती चालू आहेत विचारलं तर रक्तदाबाची एक गोळी म्हणाले. बायकोने आठवण करून दिली, ‘अहो, ते डोळ्यातलं सांगा ना.’ काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब दोन महिन्यांपासून सुरू होते, सकाळ-संध्याकाळ. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जातो. गिळलेल्या गोळीसारखा तो आधी यकृतातून जात नाही. नेत्रतज्ज्ञांशी फोनवर बोलून थेंब बदलून घेतले आणि खोकला ओसरला.

तुमच्या घरात दमा असलेल्या कुणालाही काचबिंदू असेल तर बाटलीवरचं नाव वाचा. शेवटी ‘लॉल’ दिसलं, किंवा दोन औषधं एकत्र असलेल्या थेंबांत टिमोलॉल असलं, तर नेत्रतज्ज्ञांना दम्याचं सांगा. हृदयासाठी मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. ती औषधं मुख्यतः हृदयावरच्या बीटा-१ रिसेप्टरवर काम करतात, दम्याला त्यांचा धोका कमी असतो आणि हृदयाला ती अचानक तोडलेली चालत नाहीत. याच आठवड्यात जाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या, थेंब आणि तुमचा तो निळा डबा पिशवीत घालून घेऊन जा, आणि पंप कसा घेता ते डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा.